लाल गाडीची डावी बाजू

मोटरसायकल पडली की माणूस पहिल्यांदा आजूबाजूला बघतो, कोणी बघितलं तर नाही ना. मग गाडीकडे बघतो. गुडघ्यातून रक्त येतंय हे त्याला घरी गेल्यावर बायको सांगते. गोव्यात, डिचोलीला माझं दुकान आहे आणि माणसाच्या या स्वभावावर माझं घर चालतं. गुडघा आपोआप भरून येतो, प्लास्टिक येत नाही. म्हणून लोक डॉक्टरकडे उद्या जातात आणि माझ्याकडे आज येतात.

मी इंजिनात हात घालत नाही. गाडीच्या अंगावर जे प्लास्टिकचं कवच असतं, त्याचे चरे, तडे, तुटलेले कान एवढंच माझं काम. गिऱ्हाईक त्याला ‘फायबर’ म्हणतं. ते फायबर नसतं. पहिली काही वर्षं मी प्रत्येकाला हे समजावून सांगत होतो. नंतर लक्षात आलं की समजावल्यावरही गिऱ्हाईक जाताना ‘फायबर कधी मेळतला?’ असंच विचारतं, तेव्हा सोडून दिलं.

ते काय असतं ते कवचाच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांत छापलेलंच असतं. बहुतेक वेळा एबीएस, कधी पीपी. अक्षरं पुसली असतील तर एक तुकडा पाण्यात टाकायचा. बुडला तर एबीएस, तरंगला तर पीपी. एबीएस सरळ स्वभावाचं. त्याच जातीचे जुने तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लगदा केला की तडा भरतो, गरम केलं की जोडलं जातं, घासलं की गुळगुळीत होतं. पीपीला काहीच चिकटत नाही. वर रंग मारला तर धरल्यासारखं करतं आणि पहिल्या पावसात सालीसारखं सोडून देतं. अशी माणसंही आमच्या ओळखीत आहेत, पण तो विषय दिवाळी अंकाचा नव्हे.

चऱ्याची परीक्षा नखाने करायची. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरात आहे, नुसत्या पॉलिशने जातो. अडकलं तर रंगापर्यंत पोचलाय. आणि नख अडकून आत प्लास्टिकचा मूळ काळा किंवा पांढरा रंग दिसत असेल, तर मग पुट्टी, एकशेऐंशी नंबरचा कागद, तीनशेवीसचा, प्रायमर, आठशेचा कागद पाण्यातून, रंग, आणि वर क्लिअर, म्हणजे तो पारदर्शक थर. यातली एक पायरी गाळली तरी गिऱ्हाइकाला आज कळत नाही. दोन महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा ते एकटं येत नाही.

आमच्या भागात पडून जेवढ्या गाड्या खराब होतात, त्याहून जास्त पुसून होतात. खाणीच्या रस्त्यावरची तांबडी धूळ म्हणजे लोखंडाची पूडच. सकाळी उठून कोरड्या फडक्याने भक्तिभावाने गाडी पुसणारा माणूस खरं तर रोज तिच्यावर आठशेचा कागद फिरवत असतो. आधी पाणी ओता, मग पुसा, हे मी सांगतो. लोक मान डोलावतात आणि फडकं मागतात.

वाळपईचे एक निवृत्त कारकून मात्र गाडी पुसतही नसत आणि दुरुस्तही करत नसत. चरा पडला की त्यावर ते देवाचं स्टिकर लावत. गाडी अखेर माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर आमच्या देवघरात नाहीत एवढे देव होते. एकेका देवाखाली एकेक अपघात.

“हे सगळे काढायचे?” मी विचारलं.

“काढ. पण आदी पायांतली चपलां काढ.”

मी चपला काढल्या. हॉट गनने एकेक स्टिकर गरम करून सोडवायला लागलो. ते शेजारी उभे राहून सांगत होते, “हो साखळी गावचो पूल. हो दत्त, आमच्या फाटकार आपटलंय तेन्नाचो. हो मारुती... हेच्याविशी घरात बोलू नको.” सोडवलेले देव त्यांनी एका ताटात जमा केले आणि ताट डोक्यावर धरून बसमध्ये चढले. काम झाल्यावर गाडी नव्यासारखी झाली. महिनाभराने रस्त्यात भेटले तर हँडलच्या खाली एक नवा गणपती होता.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट दुसऱ्या गणपतीची, आणि तो स्टिकर नव्हता.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा आदला दिवस. आमच्याकडे या दिवशी माटोळी बांधतात. गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगून तिला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घोस बांधायचे. आमच्या घरची माटोळी मीच बांधतो, कारण चारही बाजूंना वजन सारखं नसलं तर ती कलते, आणि कललेली माटोळी बघून मला जेवण जात नाही. म्हणून दुकान लवकर बंद करत होतो. पाऊस तर असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं. तेवढ्यात गुरुदास गाडी ढकलत आला.

गुरुदास आमच्या मुळगावचा, आमच्याच वाड्यावरचा. तिशी ओलांडलेला, कारखान्यात सुपरवायझर, सरळ माणूस. त्याची लाल गाडी पुढच्या दिव्यापासून इंजिनापर्यंत कवच असलेली, आठ वर्षांची, जीवापाड जपलेली. डावी बाजू हँडलपासून खालपर्यंत खरवडून निघालेली होती, खालचा कान तुटलेला, आणि चऱ्यांत तांबडी माती भरलेली.

“चवथ झाल्यार ये,” मी शटरला हात लावून म्हटलं.

“चवथ झाल्यार येवन काय करू? फाल्यां सकाळी गाडी जाय.” उद्या सकाळीच त्याला गाडी हवी होती.

“ह्या पावसात? रंग सुकतलो तरी काय?”

त्याने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “दादा, मी गणपती घेवन पडलंय.”

मी शटर वर केलं.

त्यांच्या घराण्याची रीत सबंध मुळगावला माहीत आहे. चित्रशाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, गणपती हातांवर घेऊन, अनवाणी, शेताच्या बांधावरून चालत आणायचा. वाहन नाही. पुंडलीक आबा, म्हणजे गुरुदासचे थोरले काका, हे काम स्वतः करत आले. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्यांनी सगळ्या पुतण्यांतून गुरुदासला पुढे केलं. बाकीचे तीन चुलतभाऊ तोंड पाडून बसले होते. त्या घरात एकदा हातातून गेलेला मान परत येत नाही. एका वर्षी कोणीतरी समई विझू दिली होती, त्याच्या नातवालाही अजून समईजवळ बसू देत नाहीत.

“मगे गाडयेर कित्याक घातलो?”

“बांधार पाणी चडलेलां. चलत गेल्लंय तर गणपती घेवन व्हावन गेलो आसतंय. म्हटलां, रस्त्यान घेवन येवया आणि वाड्याच्या तोंडार उतरून चलत घरात जावया. टाकीर बसयलो, रेनकोट घातलो...”

“गणपतीक?”

“मगे कोणाक? मी भिजलंय.”

वळणावर तांबडा चिखल होता. मागचं चाक सरकलं. त्याने हँडल सोडलं आणि गणपतीला मिठी मारली. गाडी डाव्या कुशीवर घासत गेली, तो उजव्या बाजूला गवतात बसला. मूर्तीच्या कानालासुद्धा धक्का नाही. मग गाडी काजूच्या झाडांआड लोटून, रेनकोट काढून, चप्पल काढून, महाशय रीतसर चालत घरी गेले. दारात सुवासिनींनी पायांवर पाणी घातलं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मगे आता अडला खंय? गाडी इथेच लपवून ठेव.”

“फाल्यां भटाक हाडूक जावचा आसा. आबा माझ्याच फाटल्यान बसतत.”

हे अडचणीचं होतं. आमच्याकडे चवथीच्या दिवशी भटजी म्हणजे दुष्काळातलं पाणी. एकाच भटजीला सबंध वाडा. पूजा किती वाजता ठरली याला अर्थ नसतो, ज्याने त्याला गाडीवर घालून नेलं त्याची पूजा आधी. आबा दर वर्षी गुरुदासच्या मागे बसून स्वतः जातात, म्हणजे वाटेत कोणी पळवू नये. गाडी नसली तर का नाही हे विचारणार, घासलेली दिसली तर कधी घासली हे विचारणार. आबांना खोटं सांगणं गुरुदासला जमत नव्हतं. बघितलंच तर सगळं सांगून टाकीन, म्हणाला. आणि सांगितलं की मान गेला.

मी घरी फोन केला. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, “गणपती आपल्या घराक येता काय तुमच्या दुकानात?”

“माटोळी तू बांध. वजन मात्र चारी बाजूंनी...”

फोन ठेवलेला होता.

डाव्या बाजूचं पॅनल उतरवलं, साबणाच्या पाण्याने ब्रश मारून माती काढली. जांभ्या चिऱ्याची माती प्लास्टिकात बसली की वरून रंग मारला तरी पुढे पुळ्यांसारखी वर येते, म्हणून सुईने एकेक कण काढावा लागतो. गुरुदासने सुई धरली. तुटलेला कान मी आतून गरम पिना बसवून जोडला, वर एबीएसचा लगदा भरला. पुट्टी, कागद, प्रायमर. इथपर्यंत सगळं ठीक चाललं.

रंगाचं मात्र दोन ठिकाणी अडतं. पहिलं, दमट हवेत क्लिअर मारला की तो दुधासारखा पांढरा पडतो. हवेतलं पाणी त्यात अडकतं. त्या दिवशी माझ्या भिंतीवरचा काटा हवेतली आर्द्रता शहाण्णव टक्के दाखवत होता. उरलेले चार टक्के कुठे होते देव जाणे. यावर माझा पावसाळी उपाय म्हणजे मिंगेल पोदेर. दुकानामागे त्याची पावाची भट्टी आहे, आणि भट्टीच्या भिंतीला लागून लाकडं सुकवायची खोली. तिथे मी थर्मामीटर टांगून ठेवला आहे. भर पावसातसुद्धा बेचाळीस अंश, आणि हवा हाडासारखी कोरडी. पॅनल आधी तिथे तापवून आणायचं आणि गरम असतानाच दुकानात क्लिअर मारायचा, मग तो पांढरा पडत नाही. थिनर पुरता उडून गेल्याशिवाय पॅनल सुकायला परत तिकडे न्यायचं नाही हा माझा नियम, कारण भट्टीशेजारी थिनर म्हणजे दिवाळी चवथीलाच.

मिंगेल दर वेळी भांडतो. त्या दिवशीही भांडला.

“तुज्या रंगाचो वास माज्या उंड्यांक येता! परवां एक बाय म्हणता, पोदेर, तुजो पाव चकचकता.”

“मिंगेल, गणपतीचं काम आहे.”

“गणपतीचें?” त्याने पॅनल उलटसुलट करून बघितलं. “हें गणपतीचें खंयचें?”

गुरुदासने त्याला सगळं सांगितलं. मिंगेल एवढा हसला की पिठाचा हात कपाळाला लागला. मग त्याने स्वतःच लाकडं बाजूला सारून जागा केली. “फाल्यां तुमी कोण पाव खायनात. भट्टी तशीय रिकामीच. घाल,” म्हणाला. आणि वर मला बजावलं, “देवाक सांग, मिंगेलान जागा दिली म्हणून.”

दुसरं अडतं ते रंग जुळवण्याचं. गाडी लाल म्हणजे कोणती लाल? कारखान्यातली लाल एक, आठ उन्हाळे खाल्लेली लाल वेगळी. डबा उघडून तसाच रंग मारला तर एक बाजू नवरीसारखी आणि दुसरी सासूसारखी दिसते. म्हणून थोडा पिवळा, किंचित पांढरा घालत जायचं, दर वेळी स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर मारायचा, सुकू द्यायचा, आणि चमचा गाडीच्या चांगल्या बाजूला लावून बघायचा. चमचा दिसेनासा झाला की रंग जुळला. हे काम दिवसाच्या उजेडात करायचं असतं. त्या दिवशी दिवसाला उजेडच नव्हता. मी ट्यूबलाइटखाली सात चमचे रंगवले आणि सातवा दिसेनासा झाला.

सकाळी पॅनल बसवलं. काच लावल्यासारखं दिसत होतं. मी उकिडवा बसून बोट फिरवलं, जोड कुठे आहे ते माझं मलाच सापडेना. या धंद्यातलं सुख एवढंच, आपण काय केलं ते कोणालाच दिसू नये. गुरुदास माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, पाया नको पडू, एकच कर, उन्हात उभी करू नको. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो.

“ऊन?” त्याने वर बघितलं. आभाळ काळं ठिक्कर होतं. “आबा भटाक घेवन घरात पावले की झालां.”

ऊन पडलं ते भटजी येताना. आठ दिवस न दिसलेला सूर्य नेमका चवथीच्या सकाळी उगवला, तोही पावसाने धुऊन काढलेला. मी ते ऊन बघितलं आणि मला सातवा चमचा आठवला. आमच्या घरची माटोळी डावीकडे दोन बोटं कललेली होती, ती मी तशीच राहू दिली.

संध्याकाळी वाड्यावरची मंडळी घुमटं, म्हणजे मातीच्या घटाला चामडं ताणलेली वाद्यं, घेऊन घरोघर आरतीला जातात. बायको, मी आणि दहा-बाराजण गुरुदासच्या अंगणात शिरलो तेव्हा ऊन अजून रेंगाळत होतं आणि गाडी तुळशीजवळ उभी होती. उजवी बाजू लाल. डावी बाजू पिकलेल्या पपईसारखी. अंगणाच्या कडेवरून आंधळ्यालाही कळलं असतं. बायकोने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. गुरुदास घुमटावर थाप मारत होता आणि ताल कुठल्या कुठे चालला होता.

आबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आरती झाली. मग ते गणपतीसमोर नारळ घेऊन उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. घरातला वडीलधारा सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एकमुखाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. नाही म्हणायची सोय त्यात ठेवलेली नाही.

“बा देवा विघ्नहर्त्या म्हाराजा! आज तुज्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या घराण्याची रीत, तुका हातांर घेवन चलत हाडूची. औंदा एका लेकरान तुका मोटरसायकलीर बसयलो, रेनकोट घातलो, आणि चिखलात घेवन पडलो रे म्हाराजा!”

सवयीने सगळ्यांची तोंडं उघडली होती, ती तशीच राहिली. मग कुठून तरी “व्हय... म्हाराजा?” असं उमटलं. तिन्ही चुलतभाऊ गुरुदासकडे वळले. गुरुदास जमिनीकडे बघत होता.

मला नंतर कळलं, चित्रशाळेवाल्याने आदल्याच संध्याकाळी आबांना फोन करून विचारलं होतं, ‘रेनकोटातलो गणपती मोटरसायकलीवरून नीट पावलो मगे?’ म्हणजे मोटरसायकल त्यांना आमच्या सात चमच्यांआधीच माहीत होती. पडल्याचं मात्र माझ्या रंगाने सांगितलं, आणि चिखलाचं त्या रेनकोटाने, जो गुरुदासने कमरेला खोचून आणून मखराच्या मागे कोंबला होता.

“ज्या कारागिरान ती गाडी रंगयली,” आबांचा आवाज चढला, “ताच्या डोळ्यांक लाल आणि केशरी ह्यातलो फरक कळूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.

आबा थांबले. नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पुढचं वाक्य काय असणार याची सबंध घर वाट बघत होतं. थोरल्या चुलतभावाने तर नकळत शर्ट सारखा केला.

“गाडी अशी घासलेली आणि तू असो अख्खो. म्हणजे पडताना लेकरान काय सोडलां आणि काय धरलां, तां तू बगितलंस, आणि मियाय वळखलंय. म्हणान फुडल्या वर्साय तुका तोच हाडतलो. पण चलत! बांधार पाणी आसल्यार पाण्यातसून! आणि मी काठी घेवन ताच्या फाटल्यान आसतलंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

घुमटवाले, बायका, माझी बायको, मी, सगळे म्हणालो. चुलतभाऊही म्हणाले, जरा हळू. गुरुदासचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांच्या नंतर, एकटाच आला, आणि फाटलेला.

आबांनी नारळ ठेवला, वळले आणि नेहमीच्या आवाजात त्याला म्हणाले, “रडतंस कित्याक? प्रसाद वाट. आणि फाल्यां विसर्जनाच्या पूजेक भटाक हाडूक जातना, ताच्या दारात गाडी उजवां अंग भायर करून लाय. सबंद गावाक सांगाची गरज नाय.”